लिनक्स फुकट आहे, पण वाय-फायचं काय?



१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा-अपडेट देणं थांबवलं. तेव्हापासून आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय. जुना लॅपटॉप फेकू नका, लिनक्स टाका, एकदम फुकट, व्हायरसची भीती नाही, मशीन पळायला लागतं. सल्ला खोटा नाही. पण तो अर्धाच आहे, आणि अर्ध्या सल्ल्यावर लॅपटॉप फॉरमॅट केला की पुढे काय होतं ते मी आजूबाजूच्या शाळांत पाहते आहे. म्हणून उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिते.

आधी हा प्रश्न आपला का, ते बघू. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि पुढची दोन-तीन वर्षं शाळा डिजिटल करायची लाटच आली. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्याचं तर लोकसहभागातून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल केल्या म्हणून राज्याबाहेर नाव झालं. कुठे ग्रामपंचायतीने पैसे दिले, कुठे पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या गावच्या पोरांनी, कुठे एखाद्या केळी बागायतदाराने. शिक्षकांनी पगारातून घातले ते वेगळेच. प्रोजेक्टर आले, टीव्ही आले, लॅपटॉप आले. त्या लॅपटॉपांचं वय आज आठ-दहा वर्षं आहे. आत इंटेलचे पाचव्या, सहाव्या, सातव्या पिढीचे प्रोसेसर. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. म्हणजे आपले लॅपटॉप नियमातच बसत नाहीत. मशीन बिघडलेलं नाही, कीबोर्डची सगळी बटणं जागेवर आहेत, मुलं त्यावर कविता ऐकतायत, आणि तरी ते कागदोपत्री म्हातारं झालं. जादा सुरक्षा-अपडेटची एक वर्षाची सोय आहे, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर भंगारवाला किंवा दुसरा काही मार्ग.

दीपनगरला यात आणखी एक वाट आहे. औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत असल्यामुळे माणसं बदलून येतात, बदलून जातात. जाताना जुना लॅपटॉप कुणाला तरी देऊन जातात. कधी शाळेला, कधी घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला, कधी कंत्राटी कामगाराच्या पोराला. फेकरीच्या किंवा आसपासच्या एखाद्या घरात तो त्या कुटुंबाचा पहिला संगणक असतो. तो बंद पडला की दुसरा येत नाही. ज्यांच्याकडे दोन लॅपटॉप आहेत त्यांच्यासाठी लिनक्स हा छंद असू शकतो. या मुलीसाठी तो छंद नाही.

मग अडतं कुठे? आपण सगळे एमएस-सीआयटी करून आलो. संगणक म्हणजे विंडोज, हे आपल्या डोक्यात तिथेच बसलं. त्यामुळे ड्रायव्हर ही काय चीज आहे, हे बहुतेकांना कधी बघावंच लागलं नाही. दुकानदाराने सगळं घालून दिलेलं असायचं.

असं समजा, कोल्हापूरकडच्या एखाद्या गुरुजींची नेमणूक सातपुड्यातल्या पाड्यावर झाली. मुलं हुशार आहेत, गुरुजी चांगले आहेत, पण मुलं पावरी बोलतात आणि गुरुजींना ती येत नाही. मध्ये दुभाषी लागतो. लॅपटॉपमधली प्रत्येक चिप म्हणजे वाय-फायची, आवाजाची, पडद्याची, अशी आपापली बोली बोलणारं मूल आहे. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. कंपनी लॅपटॉप बनवते तेव्हा विंडोजसाठीचा दुभाषी ती स्वतः देते, कारण तिचं गिऱ्हाईक विंडोजवालं असतं. लिनक्ससाठी काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. जिथे देत नाहीत तिथे जगभरातले स्वयंसेवक त्या चिपची बोली ऐकून ऐकून दुभाषी तयार करतात. शिवाय काही चिपा अशा असतात की त्या रोज सकाळी कोरी पाटी घेऊनच उठतात. मशीन सुरू झालं की त्यांना त्यांचा पाठ पुन्हा भरवावा लागतो. त्या पाठाला फर्मवेअर म्हणतात, आणि तो बहुधा कंपनीच्या मालकीचा, बंद पेटीतला असतो.

आता गंमत बघा. लिनक्समध्ये हजारो ड्रायव्हर मूळ गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये असतात. त्यामुळे सात-आठ वर्षं जुन्या साध्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की पडदा, कीबोर्ड, टचपॅड, पेन ड्राइव्ह, आवाज हे बहुतेक वेळा काही न करता चालतं. कॅमेरासुद्धा चालतो, कारण जुन्या लॅपटॉपांतले कॅमेरे यूव्हीसी नावाच्या एकाच ठरलेल्या पद्धतीने बोलतात. बोली एक, दुभाषी एक, काम झालं. वाय-फायला अशी समाईक बोली नाही. प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन चिपांची वेगळी. म्हणून नव्वद टक्के वेळा तक्रार एकच येते, "मॅडम, सगळं चालू झालं, पण नेट नाही."

याचा इतिहासही थोडा सांगण्यासारखा आहे. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपांचं नाव काढलं की जुने लिनक्सवाले अजून डोक्याला हात लावतात. कित्येक वर्षं या कंपनीने लिनक्ससाठी खुला ड्रायव्हर दिला नव्हता. २०१० मध्ये तिने काही नव्या चिपांसाठी तो दिला, पण त्याआधीच्या आणि मधल्या अनेक चिपांसाठी अजूनही वेगळा ड्रायव्हर टाकून घ्यावा लागतो. डेबियन ही लिनक्सची जुनी, तत्त्वाला धरून चालणारी आवृत्ती. तिच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये कंपन्यांचं बंद फर्मवेअर ठेवायचं नाही असा दंडक होता. शेवटी तिनेही तो सोडला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर सोबतच येऊ लागलं. तत्त्व बरोबर होतं, पण नेट नसलेला लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला ते तत्त्व कुठून डाउनलोड करणार हा प्रश्न होता.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण या संदर्भात मला फार महत्त्वाचं वाटतं. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावातल्या प्राथमिक शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. एमआयटीचे निकोलस नेग्रोपोंटे यांची ही योजना. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती घ्यायला नकार दिला होता, तरी खैरातला प्रयोग झाला. त्या लॅपटॉपची ताकद आजच्या मानाने हसण्यासारखी होती. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. पण त्यावर पहिल्या दिवसापासून लिनक्सच होतं, आणि मशीन लिनक्ससाठी, लहान मुलांसाठी, उन्हाधुळीसाठी ठरवूनच बनवलेलं होतं. आत पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, पडदा भर उन्हात वाचता येईल असा. इतकं सगळं नव्याने, मुक्त विचाराने बनवलं, आणि तरी त्यातल्या मार्व्हल कंपनीच्या वाय-फाय चिपचं फर्मवेअर बंदच राहिलं. त्यावरून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत मोठा वाद झाला. लिनक्ससाठीच जन्मलेल्या लॅपटॉपची ही गत, तर कुणाच्या तरी कपाटातून आपल्या वाट्याला आलेल्या लॅपटॉपकडून सगळं आपोआप जुळण्याची अपेक्षा कशी करायची?

माझं म्हणणं एवढंच आहे की 'फुकट' हा लिनक्स घेण्याचा मुद्दाच नाही. फुकट तर आपल्याकडे विंडोजही मिळतं. बाजारात तीनशे-पाचशे रुपयांत 'क्रॅक' टाकून मिळतं, आणि ते टाकलेल्या लॅपटॉपवर आपण मूल्यशिक्षणाचा तास घेतो, हा विनोद वेगळा. लिनक्स घ्यायचं की नाही हे लॅपटॉपच्या आत काय आहे आणि शाळेला त्याच्याकडून काय काम हवं आहे यावर ठरवावं. आणि ते आत काय आहे हे पाहणं शिक्षकाला जमतं. त्याला इंजिनिअर लागत नाही.

पद्धत सोपी आहे. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. चालू असलेल्या कुठल्याही संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा आणि रुफस किंवा व्हेंटॉय या मोफत सॉफ्टवेअरने ती पेन ड्राइव्हवर चढवा. मग जुना लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. त्यासाठी सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एखादं बटण दाबावं लागतं, कंपनीनुसार बदलतं. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालू होतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. याला 'लाइव्ह' म्हणतात. पाहुण्यासारखं येतं, उठून जातं. एक लक्षात ठेवा, याच अवस्थेत सगळं तपासायचं. 'इन्स्टॉल' नावाचं चित्र पडद्यावर खुणावत असतं, त्याला आज हात लावायचा नाही.

तपासायचं काय? शाळेची रोजची कामं. वाय-फाय दिसतं का, जोडलं जातं का, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतून चौथीच्या वर्गापर्यंत नेलं तरी टिकतं का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण काही चिपा जोडल्या जातात पण सिग्नल इतका कमी पकडतात की राउटरच्या उशाशीच बसावं लागतं. मग टीव्ही किंवा प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर लावायची. चित्र बहुतेक येतंच, आवाज मात्र लॅपटॉपमधूनच येत राहतो. तो बिघाड नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'एचडीएमआय' निवडायचं, झालं. झाकण बंद करून पाच मिनिटांनी उघडायचं. काही मशीन झोपतात ते उठतच नाहीत. कॅमेरा, माइक, उजेड कमी-जास्त करायची बटणं. आणि प्रिंटर.

आमच्या भागातल्या एका शाळेत यातलं काही न तपासता उत्साहाने लॅपटॉप पुसला. लिनक्स छान बसलं. वाय-फाय नाही. नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येईना, ड्रायव्हर नाही म्हणून नेट येईना. दोन दिवस प्रयत्न झाले आणि लॅपटॉप कपाटात गेला. वर शेरा असा की लिनक्स आपल्याकडे चालत नाही. कपाटात तो वर्षभर होता. सुटला कसा? अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला लावला, फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं. लिनक्सने फोन लगेच ओळखला, नेट आलं, मिंटमधलं 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडलं, त्याने वाय-फायचा ड्रायव्हर स्वतःच सुचवला. दहा मिनिटांचं काम. हा लेख वाचून दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, फोनची वायर लक्षात ठेवा. आणि चिप अगदीच हट्टी निघाली तर नखाएवढा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर मिळतो. फक्त घेताना 'लिनक्सवर चालतो का' हे विचारून, दुकानातच लावून बघून घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटात लावून बघू देणारे दुकानदार आहेत.

याच्या पुढे आणखी दोन ठिकाणी माणूस घाबरतो. पहिलं म्हणजे ड्रायव्हर टाकताना लिनक्स एखादा पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा येतो. निळा पडदा म्हटलं की आपल्याला विंडोजची आठवण होऊन धडकी भरते. पण इथे तो बिघाडाचा नसतो. लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' चालू असेल तर बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरला ओळखपत्र लागतं, ते तिथे नोंदवायचं असतं. 'एनरोल एमओके' निवडायचं, मघाचा पासवर्ड द्यायचा. घाबरून पुढे गेलात तर ड्रायव्हर चालत नाही आणि दोष लिनक्सला जातो. दुसरं ठिकाण म्हणजे थोड्या नव्या लॅपटॉपांत इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. डिस्क गेलेली नसते, बायोसमध्ये ती इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर लावलेली असते. ती एएचसीआय करावी लागते. पण त्या मशीनवर विंडोज ठेवायचं असेल तर हे दुकानदाराच्या भरवशावरही करू नका, माहितगाराला बोलवा. बिटलॉकर चालू असेल तर आधी त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर विंडोज दार उघडणार नाही.

अगदी नव्या लॅपटॉपबद्दलही सांगून ठेवते. लोकांना वाटतं नवं मशीन म्हणजे जास्त चांगलं चालेल. लिनक्सचं उलटं आहे. दोन-पाच वर्षं जुनं झालेलं मशीन जास्त गुण्यागोविंदाने नांदतं, कारण तोवर त्याचे दुभाषी तयार झालेले असतात. बाजारात नुकत्याच आलेल्या काही लॅपटॉपांत तर कॅमेरासुद्धा नव्या पद्धतीचा असतो आणि तो चालवायला खटपट पडते.

आपल्या भागाची एक खास अडचण पुस्तकात कुठे लिहिलेली सापडणार नाही. भुसावळचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या पुढे. त्यात दीपनगर परिसरातली राख-धूळ. लॅपटॉपचा पंखा उघडून पाहिलात तर आत राखाडी गादी बसलेली असते. "लिनक्स टाकल्यापासून गरम होतो" ही तक्रार मी बऱ्याचदा ऐकते. त्यात थोडं तथ्यही आहे. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडून करून घ्यायची जुळवाजुळव झाली नसेल तर ते प्रोसेसरवर पडतं आणि तो तापतो. पण आधी पंखा साफ करून घ्या, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. आणि फिरणारी डिस्क काढून एसएसडी घाला. जुन्या लॅपटॉपला यासारखं टॉनिक नाही, वर लिनक्स असो की विंडोज.

प्रिंटरबद्दल माझं मत जरा कडक आहे. काही कंपन्या लिनक्ससाठी व्यवस्थित सॉफ्टवेअर देतात, एचपीचं एचपीएलआयपी त्यातलंच. पण शाळाशाळांत दिसणाऱ्या स्वस्त छोट्या लेझर प्रिंटरांना स्वतःचं डोकं कमी असतं. पान तयार करायचं बरंचसं काम ते संगणकाकडून करून घेतात, म्हणून त्यांचा ड्रायव्हर नसेल तर ते नुसते ठोकळे. अशा प्रिंटरवर चार रविवार घालवू नका. पीडीएफ बनवा आणि ज्या संगणकावर प्रिंटर चालतो तिथून छापा. शिक्षकाचा वेळही फुकट नाही.

मराठीचं मात्र लिनक्सवर बरं आहे, लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप बरं. इनस्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार टाइप करायची सोय आहे, बाहेरून काही आणावं लागत नाही. लोहित हा मुक्त फाँट बहुतेक लिनक्सवर मिळतो. त्यावर रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं काम केलं आहे, म्हणून आपला मराठी वळणाचा ल आणि श त्यात मिळतो. पहिलीच्या मुलाला आपण जो ल पाटीवर गिरवायला देतो तोच पडद्यावर दिसावा, हे शिक्षक म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. अडचण येते ती आपल्या जुन्या फाइलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका उघडल्या की इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. तो लिनक्सचा दोष नाही, फाँट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसेल. त्या फाइली युनिकोडमध्ये एकदा बदलून घ्यायलाच हव्यात.

आता पालकांचा प्रश्न. "मॅडम, पुढे सगळीकडे विंडोजच आहे, मग पोरांना हे कशाला शिकवता?" प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. माझं उत्तर असं, की तिसरी-चौथीच्या मुलाला आपण विंडोजही शिकवत नाही आणि लिनक्सही शिकवत नाही. फाइल कुठे ठेवली, ती परत कशी सापडली, मराठीत चार वाक्यं कशी लिहिली, हे शिकवतो. ते दोन्हीकडे सारखंच आहे. आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सचंच कर्नल आहे, तो वापरायला कुणी क्लास लावला नव्हता. पण दहावीनंतर टायपिंगची शासकीय परीक्षा देणाऱ्या मुलीला वर्ड-एक्सेल हवंच, तिच्या एकुलत्या एका लॅपटॉपवरचं विंडोज पुसायला मी कधीच सांगणार नाही. शाळेच्या कार्यालयातही एक मशीन विंडोजचं असू द्या. यू-डायससारखी कामं ब्राउझरमध्ये होतात, त्यामुळे लिनक्सवर फारसं अडत नाही. पण बोटांचे ठसे घेणारं उपकरण किंवा डिजिटल स्वाक्षरीची चावी लावायची वेळ आली की त्याचा ड्रायव्हर कुठल्या प्रणालीसाठी आहे हे आधी बघावं लागतं, आणि पगारबिलाच्या दिवशी ते बघत बसणं परवडणारं नाही.

दोन जीबी रॅमचे छोटे लॅपटॉपही मी यातून वगळते. लिनक्स हलकं आहे, यूट्यूब हलकं नाही. त्यावर मराठी टायपिंग, गणिताचे खेळ, पेन ड्राइव्हवरच्या कविता एवढंच ठेवा. ३२-बिटवाले फारच जुने असतील तर त्यांना उबुंटू, मिंट कुणीच विचारत नाही. डेबियननेही २०२५ च्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. तिथे हट्ट नको.

केरळने शाळांमध्ये लिनक्स आणलं हे सगळे सांगतात. त्यांनी ते कसं टिकवलं हे कमी लोक सांगतात. आधी आयटी@स्कूल आणि आता काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती काढते, शिक्षकांनाच प्रशिक्षक बनवते, आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थ्यांची मंडळं आहेत, ज्यांत मुलं हार्डवेअरही शिकतात. म्हणजे वाय-फाय चाललं नाही तर विचारायला माणूस आहे. आपल्याकडे नेमका तो माणूस नाही. शिकायला साहित्य आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबर ऑफिसचे छोटे पाठ मराठी निवेदनासह मोफत आहेत. पण पाठ सर्वांसाठी एकच असतो आणि तुमचा लॅपटॉप तुमचाच असतो.

म्हणून राज्य काही करेल तेव्हा करेल, केंद्रापुरतं आपल्याला जमेल असं सुचवते. केंद्रशाळेत एक वही ठेवायची. दोनशे पानी, साधी. शाळेचं नाव, लॅपटॉपचं मॉडेल (खालच्या बाजूला चिकटपट्टीवर असतं), रॅम, आणि वाय-फाय चिपचं नाव. ते नाव कसं काढायचं? लाइव्ह लिनक्समध्ये टर्मिनल उघडून एल-एस-पी-सी-आय ही पाच अक्षरं लिहायची आणि एंटर. आत जोडलेल्या चिपांची यादी येते, त्यात 'नेटवर्क' किंवा 'इथरनेट' शब्द असलेल्या ओळी उतरवून घ्यायच्या. एक ओळ बहुधा वायरच्या नेटची असते, दुसरी वाय-फायची. पुढे दोन रकाने, काय चाललं आणि काय चाललं नाही, आणि नाही चाललं ते कशाने सुटलं. एकाच लाटेत, एकाच दुकानातून घेतलेले लॅपटॉप बरेच सारखे असतात. एका शाळेने सोडवलेलं कोडं पाच शाळांचं सुटतं. कुणी दानशूर माणूस "तुम्हाला लॅपटॉप देतो" म्हणाला तर त्यालाही वही दाखवता येते, की दादा, हे मॉडेल आमच्याकडे धड चालतं, हे चालत नाही, यातलं द्या. देणाऱ्याला वाईट वाटत नाही. कपाटात पडलेला लॅपटॉप बघून त्याला जास्त वाईट वाटतं.

वही पाचवी-सहावीच्या मुलांकडे द्यायला माझी हरकत नाही, उलट ती त्यांच्याकडेच जास्त नीट राहील. यादीतल्या अनोळखी नावांना ती घाबरत नाहीत, आपण घाबरतो.

आमच्या केंद्रात पुढच्या शिक्षण परिषदेनंतर तासभर थांबून हे काम सुरू करायचं ठरतंय. दोन पेन ड्राइव्ह तयार आहेत, एकात मिंट, एकात उबुंटू. येताना कपाटातला लॅपटॉप आणा, सोबत फोनची डेटा जाणारी वायर आणा, कारण काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात आणि मग टेदरिंग होत नाही. आणि चार्जर आणा. या मशीनांच्या बॅटऱ्या कधीच गेल्या आहेत.